हेरातकरांचं खातं

सदाशिव पेठेत खोली भाड्याने देताना आधी गाव विचारतात. लातूर, जळगाव, फार तर बेळगाव, ही उत्तरं कानाला सवयीची. जुलै २०१९मध्ये आमच्या मागच्या खोलीसाठी आलेला मुलगा म्हणाला, ‘‘हेरात.’’ अफगाणिस्तानच्या पश्चिमेचं, इराणच्या सरहद्दीजवळचं जुनं शहर. वडिलांचं कापडाचं दुकान. शिष्यवृत्ती नाही, घरच्या पैशावर बी.कॉम. करणार. आठवड्याभरात इमारतीने त्याचं ‘हेरातकर’ करून टाकलं.

परदेशी माणूस घरात ठेवला की चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं, शिवाय अकरा महिन्यांचा करार. उभा जन्म बँकेत फॉर्म तपासण्यात गेल्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. हिची काळजी वेगळी. आमच्याकडे मटण शिजत नाही, हा खाणार काय? त्याने तो प्रश्न वरणात लिंबू पिळून सोडवला.

हिंदी तो चित्रपटांतून शिकून आला होता. पण कुणी काम करताना दिसलं, की त्याच्या तोंडून दरी भाषेतलं ‘मांदा न बाशी’ निघायचं. म्हणजे ‘थकू नये तुम्ही’. त्यावर उत्तर द्यायचं, ‘ज़िंदा बाशी’. पहिल्यांदा पोळ्या लाटताना हे ऐकून ही म्हणाली, ‘‘इतकी वर्षं लाटतेय, असं कुणी म्हटलं नव्हतं.’’ टोला कुणाला होता, हे सांगायला नको.

माझी त्याच्याशी गट्टी जमली ती शब्दांवरून. कर्ज, हिशेब, बाकी, मुदत, जामीन. बँकेतलं माझं निम्मं आयुष्य ज्या शब्दांत गेलं, ते उच्चाराच्या थोड्या फरकाने त्याच्या घरचेच निघाले. ‘हप्ता’ मात्र त्याच्याकडे आठवडा. शेजारच्या नानांचा विषय ठरलेला, पानिपत. ज्या भाऊसाहेबांच्या नावाची ही पेठ, ते १४ जानेवारी १७६१ला अब्दालीशी लढताना गेले. आणि हेरातकरांच्या देशात तोच अब्दाली ‘अहमदशाह बाबा’, राष्ट्राचा संस्थापक! संक्रांतीला नानांनी त्याला तीळगूळ दिला, तो जरा रोखून बघतच.

१२ ऑगस्ट २०२१ला हेरात तालिबानच्या हाती गेलं, १५ला काबूल. सकाळी आमच्या टीव्हीवर लाल किल्ला होता, रात्री काबूलचा विमानतळ. तो टीव्हीसमोर नव्हताच. फोन घेऊन गच्चीवर येरझारा घालत होता. घरचे सुखरूप होते. पण बँका बंद झाल्या, उघडल्या तेव्हा आठवड्याला २० हजार अफगाणी एवढेच काढायची मुभा. त्यांच्या मध्यवर्ती बँकेची अमेरिकेत ठेवलेली सुमारे सात अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली. याचा अर्थ मला त्याच्याआधी कळला. वडिलांच्या खात्यात पैसे असूनही पुण्याला एक रुपया येणार नव्हता. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. परत जावं, तर २५ ऑगस्टला भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द केले. करोनाच्या काळात घरी गेलेले त्याचे मित्र तिकडेच अडकले. विमानाचं भाडं परवडलं नाही म्हणून हा इथे राहिला होता.

जर्मनीतल्या मामाने फी भरली. त्यापुढे हात पसरायला तो तयार नव्हता. ही म्हणाली, ‘‘भाडं घ्यायचं नाही.’’ मी तसं त्याला सांगितलं, तेव्हापासून तो पानावर येईनासा झाला. ‘‘बाहेर जेवलो, काकू.’’ खोलीत पावाची कागदं सापडायला लागली.

मेहेरबानी करणाऱ्याला वाटतं, आपण ओझं उतरवलं. घेणाऱ्याला ते कुठे टोचतं, हे कर्जाच्या टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही. मी लांब वही काढली. खोली आणि जेवण मिळून महिना ६,००० रुपये, व्याज शून्य, फेड कमावायला लागल्यावर मासिक हप्त्याने. तो हसला. ‘‘काका, महिन्याचा आठवडा?’’ त्या ऑगस्टनंतर पहिल्यांदाच हसला. मग गंभीर होऊन विचारलं, ‘‘ज़ामिन कोण?’’ ही पिठाचे हात पुसत आली आणि सही करून गेली. त्या रात्री तो पानावर बसला.

पुढे एम.कॉम.ला नाव घातलं, व्हिसा वाढला. डिसेंबर २०२२मध्ये तिकडे मुलींना विद्यापीठाची दारं बंद झाली. बहीण दुसऱ्या वर्षाला होती. हे त्याने आम्हाला चार दिवसांनी सांगितलं. २०२३ला नवरोज २१ मार्चला आला आणि पाडवा २२ला. आदल्या दिवशी रात्रभर भिजवलेला सात प्रकारचा सुकामेवा, दुसऱ्या दिवशी श्रीखंड. गुढीला काठी त्यानेच बांधली, जरा तिरकीच.

सप्टेंबर २०२३मध्ये तो जर्मनीला शिकायला गेला. वहीत चोवीस महिन्यांचे १,४४,००० रुपये. तिथे शिकताना थोडं काम करता येतं. पाव भाजण्याच्या कारखान्यात रात्रपाळी मिळताच हप्ते सुरू झाले. छोट्या रकमेवर बँकेचं शुल्क फार पडतं, तीन महिन्यांचे एकदम पाठव, असं मी सांगून पाहिलं. ऐकत नाही.

एक प्रत त्याच्याकडे आहे, एक माझ्याकडे. दोन्हींचा मेळ बसत नाही. तो पाठवतो ती पूर्ण रक्कम मी जमा धरतो. तो शुल्क वजा जाता पोचेल तेवढीच धरतो. त्यामुळे कर्जदाराच्या वहीत बाकी जास्त आणि सावकाराच्या वहीत कमी. रविवारी फोनवर यावरून वाद होतो. जामीनदार बाई दोन्हीकडून बोलतात.