दुबळ्या उंदरांची साक्ष

मूषक हा शब्द ‘मुष्’ म्हणजे चोरणें या धातूपासून आला, असें आम्ही वर्गांत शिकवीत असूं. येथें देवगांव रंगारीस बाजरीच्या कणगीपाशीं त्याचा प्रत्ययही येतो. परंतु या चोराच्याच कांहीं दुबळ्या जातींनीं तान्ह्या बाळांच्या एका दुर्धर रोगाचें कोडें उलगडण्यास मोठें साह्य केलें आहे. तें घरांतील वडील मंडळींनीं समजून घेण्याजोगें आहे.

रक्तांतील श्वेतपेशी शरीराचें रक्षण करितात. त्यांपैकीं ‘टी’ पेशी छातींतील थायमस ग्रंथींत परिपक्व होतात. ‘बी’ पेशी प्रतिपिंडें निर्माण करितात. या दोन्ही जातींतील प्रत्येक पेशी एकेक ठराविक शत्रु ओळखते. १९७५ च्या सुमारास स्टॉकहोम व अमेरिका येथील संशोधकांना उंदरांत तिसरीच जात आढळली. पूर्वपरिचय नसतांही ती कर्करोगाच्या पेशींस ठार करी. हीच नैसर्गिक मारक पेशी. मग ही टी पेशीचीच बाल्यावस्था असेल काय?

याचें उत्तर दुबळ्या उंदरांनीं दिलें. थायमस नसलेल्या, अंगावर केंसही नसलेल्या उंदरांत मारक पेशी होत्याच. १९८३ सालीं फिलाडेल्फियाच्या मेल्विन बोस्मा यांनीं वर्णिलेल्या उंदरांत टी व बी दोन्ही पेशी जवळजवळ नव्हत्या. मारक पेशी मात्र शाबूत. १९९२ सालीं ‘रॅग’ जनुकें निकामी केलेल्या उंदरांतही तेंच दिसलें. म्हणजे शत्रु ओळखण्याचा साचा घडवितांना टी व बी पेशींना जनुकांची जी काटछाट करावी लागते, ती हिला लागत नाहीं. अस्थिमज्जेंतील सामाईक पूर्वजापासून निघून ती निराळ्या वाटेनें वाढते. पुढें १९९५ सालीं, वाढीचे रासायनिक निरोप घेणारी ‘गॅमा साखळी’ नसलेल्या उंदरांत मारक पेशीच दिसेनात. त्या वाटेचें दार कोणतें, तें तेव्हां कळलें.

कांहीं बालकेंही अशींच रक्षणहीन जन्मतात. पहिल्या कांहीं महिन्यांतच वारंवार न्यूमोनिया, न थांबणारे जुलाब, तोंडांत पांढरा थर, वजन न वाढणें, हीं लक्षणें दिसूं लागतात. मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेंत अशा बालकांच्या रक्तांतील या तिन्ही पेशी मोजितात. टी व बी नाहींत, पण मारक आहेत, तर ‘रॅग’सारख्या जनुकांचा दोष संभवतो. तो माता व पिता दोघांकडूनही यावा लागतो. म्हणून नात्यांतील विवाहांत त्याचा धोका वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या पुष्कळ घरांत चालत आली आहे, हें येथें आठवावें. बी आहेत, पण टी व मारक नाहींत, तर बहुधा गॅमा साखळीचा दोष. तो सामान्यतः आईकडून मुलग्यास येतो.

म्हणून घरांतील एखादें मूल तान्हेपणीं अशा आजारानें गेलें असेल, तर ‘दृष्ट लागली’ म्हणून विषय मिटवूं नये. पुढील बाळास बी. सी. जी. टोचण्यापूर्वीं डॉक्टरांस तें अवश्य सांगावें. निरोगी बाळास हितकर असलेली ही जिवंत लस रक्षणहीन बाळास घातक ठरूं शकते. निदान लवकर झालें, तर अस्थिमज्जारोपणानें मूल वांचूं शकतें.

कोणाचें मूल कोणत्या महिन्यांत, कशानें गेलें, हें घरांतील आजीबाईंना पक्कें ठाऊक असतें. संकोच सोडून त्यांना विचारावें, व त्यांनींही सांगावें.