माऊसचा वेग आवरा, अर्ज बिनचूक भरा

मावळात खरीप म्हणजे भात आणि भात म्हणजे इंद्रायणी, हे आता पोराटोरांच्याही तोंडी बसले आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेल्या या वाणाने आपल्या खाचरांना बाजारात नाव मिळवून दिले. मात्र अलीकडे खरिपाला आणखी एक काम चिकटले आहे. रोपे अजून वाफ्यातच असतात आणि सातबारा काढणे, अनुदानाचा अर्ज भरणे, पीक विम्याची तारीख गाठणे ही धावपळ सुरू होते. ही सारी कामे संगणकावरची. तेथे औत धरायचे ते माऊसचे. हे औत नीट जुंपलेले नसेल तर तास वाकडे जाते आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्यालाच पडतो. म्हणून आज खत-बियाण्याऐवजी या छोट्याशा अवजाराबद्दल चार गोष्टी सांगाव्यात असे ठरवले.

हे अवजार आले कोठून?

माऊस काही काल-परवाचा नाही. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून आणि बिल इंग्लिश या सहकाऱ्याच्या हातून १९६४ च्या सुमारास पहिला माऊस तयार झाला. तो चक्क लाकडी ठोकळा होता, खाली दोन चाके बसवलेला. ९ डिसेंबर १९६८ रोजी एंगेलबार्ट यांनी तो लोकांसमोर चालवून दाखवला. आपल्याकडे खेड्यात संगणक पोचायला त्यानंतर तीस वर्षे लागली. १९९८ साली वारणानगर परिसरातील सत्तर गावांत संगणक जोडणीचा प्रकल्प हाती घेण्यात आला. २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावी मुले-मुली संगणक शिकू लागली. २०११ साली ग्रामपंचायतींतून संग्राम केंद्रे आली, पुढे त्यांची जागा आपले सरकार सेवा केंद्रांनी घेतली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबाराही मिळू लागला.

यंत्र आले, जोडणी आली, माणूसही बसला. पण माऊस कंपनीतून जसा आला तसाच वापरायचा, असा सगळीकडे रिवाज पडला आहे. आपण पेरणीयंत्र आणले की फण, बियाण्याची चकती, अंतर सगळे आपल्या रानाप्रमाणे लावून घेतो. फवारणीचा पंप नोझल तपासल्याशिवाय पाठीवर घेत नाही. मग माऊसच तेवढा कशाला तसाच ठेवायचा?

बाण धावतो कसा?

माऊसच्या पोटात एक बारीक कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेतो आणि माऊस किती सरकला ते संगणकाला कळवतो. एक इंच सरकल्यावर माऊस किती वेळा 'सरकलो' म्हणून सांगतो, त्या आकड्याला डीपीआय म्हणतात. साध्या माऊसचा हा आकडा बहुधा ८०० ते १६०० असतो. खेळासाठी बनवलेल्या माऊसचा ३२०० किंवा त्याहूनही पुढे जातो.

आता हिशेब बघा. पडद्याची रुंदी १९२० ठिपक्यांची आणि माऊस १००० डीपीआयचा, असे धरू. विंडोजमधील वेगाची पट्टी बरोबर मध्यावर असेल आणि प्रवेग बंद असेल, तर एक नोंद म्हणजे पडद्यावर एक ठिपका. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हात सुमारे दोन इंच सरकवावा लागतो. तोच माऊस ३२०० डीपीआयचा असेल तर अवघ्या सहा दशांश इंचात बाण पलीकडच्या कुंपणाला जाऊन धडकतो.

अर्जावर टिक करण्याचा चौकोन सुमारे १३ ते १५ ठिपक्यांचा असतो. १००० डीपीआयला तो चौकोन ओलांडायला हात अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी हलावा लागतो. ३२०० ला तर जेमतेम दशांश मिलिमीटर. कुदळ-फावडे धरून राठ झालेल्या हाताला एवढ्या बारीक हालचालीची सवय कशी असणार? दोष हाताचा नाही, जुंपणीचा आहे.

ज्यांनी चारसूत्री पद्धतीने भात केला आहे त्यांना हे लवकर उमजेल. दोरीवर लावणी करून चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची ब्रिकेट खोचायची असते. ती गोळी मधोमधच पडायला हवी, कडेला पडून उपयोग नाही. टिकमार्कचेही तसेच आहे. तिथे नेम साधायचा तर दोरी आधी नीट ताणलेली पाहिजे.

प्रवेग म्हणजे काय?

वेग आणि प्रवेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेग म्हणजे हाताच्या एका इंचाला बाण किती धावतो. प्रवेग म्हणजे हात जोरात हलवला तर त्याच एका इंचाला बाण आणखी लांब जातो आणि हळू हलवला तर कमी जातो. बैलाला कासरा हळू ओढला की तो एक पाऊल वळतो आणि झटका दिला की बांध ओलांडून शेजारच्या रानात शिरतो, तसा हा प्रकार.

विंडोजमध्ये या सोयीला 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' असे नाव आहे आणि ती बहुधा आधीपासूनच चालू असते. नाव अचूकतेचे असले तरी नवशिक्याचा गोंधळ इथेच होतो. तो एकदा घाबरत हळू हलवतो तेव्हा बाण पोचत नाही. मग वैतागून जोरात हलवतो तेव्हा बाण पार पुढे जातो. हाताला अंदाजच बसत नाही.

आपल्या संगणकावर प्रवेग चालू आहे का, ते पट्टीने तपासता येते. टेबलावर कागद ठेवून थोड्याच अंतरावर दोन रेघा मारा, म्हणजे बाण पलीकडच्या कडेला धडकणार नाही. बाण पडद्याच्या डाव्या कडेला न्या आणि पहिल्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत माऊस अगदी हळू सरकवा. बाण कुठे थांबला ते बघून ठेवा. पुन्हा डावीकडे येऊन तेवढेच अंतर झटक्यात सरकवा. बाण दोन्ही वेळा साधारण एकाच जागी थांबला तर प्रवेग बंद, बराच पुढे गेला तर चालू.

जुंपणी कशी करावी?

विंडोजच्या संगणकावर कंट्रोल पॅनेल उघडून 'माऊस' वर जावे. त्यात 'पॉइंटर ऑप्शन्स' असे पान आहे. तेथे वेगाची पट्टी दिसते. ती आधी मध्यावर आणावी. मध्याच्या पुढे नेली तर बाण ठिपके गाळून उड्या मारू लागतो, म्हणून वेग वाढवायचाच तर जपून. खाली 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' समोरची खूण काढून बघावी आणि दोन दिवस काम करावे. पहिला दिवस अवघड जातो, दुसऱ्या दिवशी हात बसतो. टेबल फारच अरुंद असेल आणि माऊस फिरवायला जागाच नसेल, तर प्रवेग चालू ठेवणे सोयीचे पडू शकते. ज्याला जे मानवेल ते ठेवावे, पण वरचेवर बदलू नये.

काही माऊसवर चाकाच्या मागे एक छोटे बटण असते. ते दाबले की डीपीआय बदलतो. चुकून बोट लागले की बाण एकाएकी पिसाळल्यासारखा धावू लागतो. संगणक बिघडला म्हणून माणूस बोलावण्याआधी ते बटण दाबून बघावे.

'बटन्स' नावाच्या पानावर डबल क्लिकचा वेग असतो. म्हाताऱ्या माणसाला दोन टिचक्या पटापट मारता येत नाहीत, तेव्हा तो कमी करावा. डावखुऱ्यांसाठी डावे-उजवे बटण बदलण्याची सोयही तिथेच आहे. बाण सापडत नसेल तर कंट्रोल कळ दाबताच त्याच्याभोवती वर्तुळ उमटेल, अशीही एक खूण पॉइंटरच्या पानावर करता येते. शिवाय बाणाचा आकार मोठा करता येतो. चष्मा लावणाऱ्यांना याचा फार फायदा होतो.

लॅपटॉपच्या टचपॅडची जुळवणी वेगळी असते. माऊसची जुंपणी केली म्हणजे टचपॅडचीही झाली, असे समजू नये.

चाकाने केलेला घोटाळा

आता खरी जोखमीची गोष्ट. गेल्या काही वर्षांत अर्जासाठी शेतकऱ्यांबरोबर बसताना एक प्रकार माझ्या नजरेस आला. एका केंद्रात पावसाळ्यात भली मोठी रांग होती. चालवणारी मुलगी हुशार, कामाला चपळ. तिने एका काकांचा गट क्रमांक यादीतून बरोबर निवडला आणि पान खाली नेण्यासाठी माऊसचे चाक फिरवले. पान खाली गेलेच नाही. बाण अजून यादीवरच होता, त्यामुळे चाकाबरोबर गट क्रमांकच पुढे सरकला. काकांनी चष्मा लावून पडदा बघितला म्हणून बरे. "पोरी, ह्यो गट माझा न्हाय, शेजारच्याचा हाये," असे ते म्हणाले. मुलगी म्हणाली, "काका, मी तर बरोबर निवडला होता." दोघेही खरेच बोलत होते.

काकांनी बघितले नसते तर अर्ज तसाच गेला असता. पुढे सातबाऱ्याशी मेळ बसला नसता आणि तपासणीत तो परत आला असता. तोपर्यंत तारीख उलटून गेली असती. पीक विम्यात असे झाले तर नुकसान झाल्यावर भांडायलाही कागद राहत नाही.

काही ब्राउझरमध्ये यादीचे असे होते, तर काहींत हेक्टर-आरचे आकडे भरायच्या चौकटीतला आकडा चाकाने कमी-जास्त होतो. उपाय साधा आहे. यादीतून निवड झाली की बाण बाहेर आणून पानाच्या मोकळ्या जागेवर एक टिचकी मारावी, मगच चाक फिरवावे. चाकाच्या एका खाचेला पान साधारण तीन ओळी सरकते. ती संख्या एकवर आणली तर पान सावकाश जाते आणि नजर ठरते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे माऊस सोडून टॅब कळीने एका रकान्यातून दुसऱ्यात जाणे. टिक करायची असेल तर त्या चौकोनावर येऊन स्पेसची कळ दाबावी. यात नेम चुकण्याचा प्रश्नच नाही.

महाभूनकाशावर गट शोधतानाही हीच काळजी घ्यावी. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातली खाचरे लहान आणि बांधाला बांध लागून. नकाशा पुरेसा मोठा केल्याशिवाय टिचकी मारली तर शेजाऱ्याचा गट उघडतो. चाकाने नकाशा मोठा करावा, हात थांबवावा, मग टिचकी मारावी आणि उघडलेला क्रमांक सातबाऱ्याशी ताडून बघावा.

पावसाळ्यातली निगा

लोणावळ्याकडचा पाऊस काय असतो हे घाटमाथ्यावरच्या माणसाला सांगायला नको. जुलै-ऑगस्टात भिंती ओल धरतात, टेबल घामेजते आणि कागद मऊ पडतात. माऊसच्या पोटातल्या भिंगावर दमट धूळ बसली की बाण थरथरतो किंवा एका जागी अडतो. संगणकापासून माऊस सोडवून खालचे भोक सुक्या मऊ कापडाने पुसावे. काचेच्या किंवा चकचकीत सनमायकाच्या टेबलावर कॅमेऱ्याला खूणच सापडत नाही, तेथे खाली जुन्या कॅलेंडरचा खरबरीत कागद घालावा. ओल्या हाताने माऊस धरू नये. पावसातून आलेल्यासाठी केंद्रात एक टॉवेल टांगून ठेवला तर खर्च काहीच नाही.

चालवणाऱ्याच्या मनगटाचाही विचार व्हावा. दिवसभर अर्ज भरणाऱ्या मुला-मुलींचे हात दुखतात. टेबल कोपराच्या उंचीला असावे, मनगट सरळ राहावे, माऊस कीबोर्डच्या जवळ असावा आणि तासाभराने पाच मिनिटे उठावे. बाण फार मंद असेल तर हात उगाच लांबवर ओढावा लागतो, फार चपळ असेल तर बोटे आखडून धरावी लागतात. दोन्ही वाईट.

ग्रामपंचायतीने काय करावे?

आता पदांची नावे बदलली तरी गावात ग्रामसेवक काय आणि तलाठी काय, भाऊसाहेबच. भाऊसाहेबांना आणि सरपंचांना एवढेच सांगणे की खरिपाची गर्दी सुरू होण्याआधी एक दुपार यासाठी काढावी. केंद्रातल्या प्रत्येक संगणकाचा माऊस तपासावा, वेग मध्यावर आणावा, प्रवेगाचे काय करायचे ते चालवणाऱ्याशी बोलून ठरवावे. दोन-तीन जण आळीपाळीने बसत असतील तर सर्वांना चालेल अशी एकच जुळवणी ठेवून ती कागदावर लिहून भिंतीवर चिकटवावी. पडदा असा फिरवावा की समोर बसलेल्या शेतकऱ्यालाही तो दिसेल. बचत गटाच्या भगिनींना आणि शाळकरी मुलांना सुट्टीत तासभर माऊस हातात द्यावा. बघून कोणी शिकत नाही, हाताळूनच शिकतो.

आणि शेतकरी बंधूंनो, अर्ज पाठवण्याचे शेवटचे बटण दाबण्याआधी आपले नाव, गाव, गट क्रमांक, क्षेत्र, पीक आणि बँक खाते या सहा गोष्टी मोठ्याने वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शेजारच्या माणसाला वाचायला सांगा. मागे रांग कितीही असली तरी या दोन मिनिटांची लाज धरू नका. पावती घ्या आणि ती सातबाऱ्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा.