दिव्यांग रुग्ण आणि दंतचिकित्सा कर्मचारी : प्रशिक्षणाचे मुद्दे

• कायदा : 1995 च्या कायद्यातील दिव्यांगत्वाचे 7 प्रकार 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 21 झाले असून, त्यातील कलम 47 डॉक्टर, परिचारिका व निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या अभ्यासक्रमांत या विषयाचा समावेश करण्यास सांगते.

• संवाद : ‘सांगा-दाखवा-करा’ पद्धतीत प्रत्येक पायरी आधी समजावून, उपकरण दाखवून, मगच उपचार केला जातो.

• वैद्यकीय भान : अपस्मारावरील फेनिटोइन या औषधाने हिरड्या वाढू शकतात, डाउन सिंड्रोममध्ये मानेचे सांधे अस्थिर असू शकत असल्याने डोके हळुवार टेकवावे लागते.

• स्थलांतर : व्हीलचेअरवरून दंतखुर्चीत हलवण्यापूर्वी चाकांचे ब्रेक लावून रुग्णाची नेहमीची पद्धत विचारली जाते.

• विशेष शाखा : ब्रिटनमध्ये अशा रुग्णांच्या दंतोपचाराला 2008 मध्ये स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा मिळाला.