ग्रिओ, धवलारीण आणि पडद्यावरची अपुरी कथा

ठाण्याहून बाळकुममार्गे खाडीपूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातील कशेळी लागते. आज हा पट्टा गोदामांसाठी ओळखला जात असला, तरी खाडीकाठची जुनी वस्ती आगरी-कोळ्यांची. आगरी लग्नातील विधींचे धवले असतात आणि ते गाणाऱ्या धवलारणीला पूर्वापार पुरोहिताचा मान आहे. धवला ही करमणूक नव्हे. तो गायला म्हणजे विधी पार पडला. पश्चिम आफ्रिकेतील कादंबरी आणि चित्रपट समजून घेण्यास मराठी वाचकाला ही धवलारीण एखाद्या समीक्षाग्रंथापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

माली, गिनी, सेनेगल या प्रदेशांत असाच मान ‘ग्रिओ’ला आहे. घराण्यांच्या वंशावळी मुखोद्गत ठेवणे आणि लग्न-बारशाला त्या गाऊन सांगणे हा त्याचा वंशपरंपरागत व्यवसाय. तुलना अर्थातच तंतोतंत नाही; ग्रिओ राजदरबारात वावरला, धवलारीण मांडवातच राहिली. मात्र दोघांचेही शब्द समोरच्या माणसांवाचून अपुरे असतात.

तेराव्या शतकात माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंजाताची गाथा ग्रिओंनी शतकानुशतके जपली. जिब्रिल तामसिर नियान यांनी ती एका ग्रिओकडून ऐकून १९६०मध्ये फ्रेंच गद्यात आणली आणि गाथा जगभर पोहोचली. पण वाद्याची साथ गेली, श्रोत्याचा हुंकार गेला, आणि दर वेळी थोडी बदलणारी कथा एकाच पाठात स्थिरावली. चिनुआ अचेबे यांनी १९५८च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’मध्ये वेगळी वाट धरली. इग्बो म्हणी व लोककथा त्यांनी इंग्रजीत अशा गुंफल्या, की निवेदनालाच बैठकीचा सूर आला.

सेनेगलचे उस्मान सेम्बेन यांची अडचण अधिक व्यावहारिक होती. ते फ्रेंचमध्ये लिहीत; त्यांच्या बहुसंख्य देशबांधवांना ती वाचता येत नसे. म्हणून ते चित्रपटाकडे वळले. मनीऑर्डर वटवताना कागदपत्रांच्या चक्रात भरडल्या जाणाऱ्या माणसाची आपलीच कथा त्यांनी १९६८मध्ये ‘मंदाबी’ या नावाने वोलोफ भाषेत पडद्यावर आणली.

पण गाथेला खऱ्या अर्थाने न्याय दिला तो बुर्किना फासोच्या दानी कुयाते यांनी, १९९५च्या ‘केइता’ या चित्रपटात. खेड्यातील म्हातारा ग्रिओ शहरातल्या मुलाला त्याच्या आडनावाचा अर्थ सांगायला येतो. मुलगा शाळा विसरतो, आई आणि गुरुजी संतापतात, आणि ग्रिओ कथा अर्धी टाकून निघून जातो. प्रेक्षकालाही ती पूर्ण मिळत नाही. ग्रिओची भूमिका दिग्दर्शकाचे वडील सोतिगी कुयाते यांनी केली; ते स्वतः ग्रिओ घराण्यातले. पीटर ब्रूक यांच्या ‘महाभारता’तील भीष्म म्हणून ते भारतीय प्रेक्षकांना ठाऊक आहेत.

मराठीत या पंक्तीत बसते ते ‘जैत रे जैत’. गो. नी. दांडेकरांच्या ठाकर जीवनावरील कादंबरीवर जब्बार पटेल यांनी १९७७मध्ये चित्रपट केला. गाण्यांतून कथा पुढे नेण्याची मौखिक रीत त्यात आहे. गीते मात्र अजिंठ्याजवळच्या पळसखेडचे कवी ना. धों. महानोर यांची. ती अप्रतिम आहेत यात शंका नाही; पण ठाकरांची गाणी म्हणून शहरी श्रोत्याच्या कानात बसली आहेत ती हीच, आणि डोंगरातली मूळ गाणी त्यांच्याआड राहिली.

धवल्यांचे ध्वनिमुद्रण करणे आज अवघड नाही; साधा मोबाइलही पुरतो. ते जतन अवश्य व्हावे. मात्र त्या ध्वनिफितीवर मांडवात लग्न लावता येईल का, याचे उत्तर धवलारणींनाच विचारावे लागेल.