सोसण्याची सवय झालेली माणसे

हवालदार उमराव सिंह यादव हे हरियाणातील झज्जर जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबात 1920 साली जन्मले आणि 21 नोव्हेंबर 2005 रोजी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात निवर्तले. व्हिक्टोरिया क्रॉसचे ते अखेरचे हयात भारतीय मानकरी होते. आपल्या घरी शेती केलेले, फौजेत राहिलेले, उन्हापावसात आयुष्य काढलेले आजोबा असतील, तर पुढचा मजकूर त्यांना डोळ्यांसमोर ठेवून वाचावा.

1939 साली ते तोफखान्यात भरती झाले. डिसेंबर 1944 मध्ये ब्रह्मदेशातील कलादान खोऱ्यात त्यांच्या ठाण्यावर जपान्यांनी दीड तास भडिमार केला आणि मग पायदळ चालून आले. पहिल्याच हल्ल्यात हातबॉम्बने ते जखमी झाले. तरी त्यांनी तोफ सोडली नाही. शेवटी तोफेच्या सरंजामातील जड लोखंडी दांडा उचलून ते हातघाईवर आले. सहा तासांनंतर ते बेशुद्ध सापडले. अंगावर सात गंभीर जखमा होत्या, भोवती दहा जपानी सैनिक मरून पडले होते. त्यांची तोफ त्याच दिवशी पुन्हा धडाडू लागली.

एक डॉक्टर म्हणून मला त्या रात्रीपेक्षा नंतरची साठ वर्षे अधिक विलक्षण वाटतात. इतक्या जखमा झालेला हा देह पुढेही सैन्यात राबला, मानद कॅप्टन म्हणून निवृत्त झाला आणि गावी शेतीत रमला. पदकासाठी मोठी रक्कम देऊ करणारे भेटले. पण ते विकणे म्हणजे धारातीर्थी पडलेल्या सोबत्यांचा अवमान, असे मानून त्यांनी नकार दिला. 1995 मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश पंतप्रधान जॉन मेजर यांच्यापुढे पदकधारकांच्या तुटपुंज्या मानधनाचा विषय मात्र त्यांनी रोखठोक मांडला.

वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांचा अंत झाला तो प्रोस्टेटच्या कर्करोगाने. हा उतारवयातील पुरुषांचा आजार. प्रोस्टेट ही मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असलेली छोटी ग्रंथी. वयानुसार ती वाढते. ती वाढ बहुधा साधीच असते. कर्करोग आरंभी पुष्कळदा काहीच लक्षण दाखवीत नाही.

माझा अनुभव असा, की कष्टात मुरलेल्या पुरुषांना दुखणे सांगणे कमीपणाचे वाटते. ‘बरे आहात ना?’ या प्रश्नाला ‘ठणठणीत!’ याखेरीज उत्तर मिळत नाही. म्हणून नेमके विचारावे. ‘रात्री लघवीला किती वेळा उठता? धार बारीक झाली आहे का? सुरू व्हायला वेळ लागतो का?’ सुनेपुढे हा विषय निघणार नाही. मुलाने किंवा नातवाने शेताच्या बांधावर काढावा. लघवीतून रक्त गेले, किंवा कंबर, खुबा, पाठ यांत नवे दुखणे मुक्कामाला आले आणि रात्रीही थांबेना, तर ‘जुना मार असेल’ म्हणून लेप लावीत बसू नये. त्याच्या जोडीला पायांतील बळ गेल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. लघवी पूर्ण तुंबली तर सकाळची वाट पाहू नये. सर्दीच्या काही गोळ्यांनीही ती तुंबते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पीएसए ही रक्ततपासणी उपयुक्त आहे. परंतु साध्या वाढीने वा जंतुसंसर्गानेही तो आकडा वाढतो. केवळ आकडा पाहून घरात रडारड नको. सत्तरीनंतर, काहीही त्रास नसताना ती करावी का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. कारण या वयातील कित्येक गाठी अतिशय संथ वाढतात.

रात्री उठावे लागू नये म्हणून ही मंडळी दिवसभर पाणीच तोडतात. उन्हात वावरणाऱ्याने तसे मुळीच करू नये. संध्याकाळनंतरचा चहा तेवढा टाळावा. न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा असू द्यावा आणि आजोबांनी अंथरुणातून उठताना मिनिटभर काठावर बसून मगच पाऊल टाकावे.