मुद्दाम राखलेला दोष

आमचे एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा फोटो काढण्याचे काम आमच्याकडे आले. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ नेऊन आम्ही स्वच्छ, रेखीव फोटो काढला. तो पाहून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "हे यांच्यासारखे दिसतच नाहीत!" तक्रारी दोन होत्या. नाक मोठे दिसत होते आणि प्रत्येक सुरकुती कोरल्यासारखी उठून आली होती. दोन्हींची कारणे वेगळी आहेत, पण दोन्ही शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यातून समजतात.

आधी नाक. नाकाच्या शेंड्यापासून कान सुमारे १० सेंमी मागे आहेत असे धरू. वस्तू जितकी दूर, तितकी तिची प्रतिमा लहान. कॅमेरा नाकापासून ४० सेंमीवर असेल तर कान ५० सेंमीवर असतील. म्हणजे कानांच्या तुलनेत नाक ५०/४०, म्हणजे सव्वापट मोठे उमटेल. कॅमेरा २ मीटरवर नेला तर हेच प्रमाण २१०/२००, म्हणजे फरक फक्त ५ टक्के. तेव्हा उपाय सोपा : मागे सरा. पण मागे सरल्यावर चेहरा लहान दिसतो. तो पुन्हा चौकटभर करण्यासाठी जास्त नाभीय अंतराचे, म्हणजे टेलिफोटो भिंग लागते. ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यावर व्यक्तिचित्रांसाठी ८५ ते १३५ मिमीची भिंगे वापरत आले आहेत. नाक सुधारते ते अंतरामुळे. भिंग फक्त त्या अंतरावरून काम करू देते. फूल किंवा फुलपाखरू टिपतानाही ह्याच भिंगाचा उपयोग होतो. आपली सावली पडत नाही आणि फुलपाखरू उडून जात नाही.

आता सुरकुत्या. समांतर किरण बहिर्वक्र भिंगातून गेल्यावर एका बिंदूत मिळतात, असे आपण वर्गात सांगतो. हे पूर्ण खरे नाही. भिंगाचा पृष्ठभाग गोलाचा भाग असेल तर कडेजवळून जाणारे किरण प्रमाणाबाहेर वळतात आणि मधल्या किरणांपेक्षा भिंगाच्या जवळ एकत्र येतात. ह्याला गोलीय विपथन म्हणतात. कॅमेऱ्याच्या भिंगात अनेक भिंगे जोडून हा दोष जवळजवळ घालवलेला असतो. 'सॉफ्ट फोकस' भिंगात तो मुद्दाम राखतात.

अशा भिंगातून एका प्रकाशबिंदूची प्रतिमा कशी दिसेल? मधल्या किरणांमुळे एक तेजस्वी ठिपका आणि कडेच्या किरणांमुळे त्याभोवती फिकट वलय. फोकस चुकलेल्या फोटोत ठिपका उरतच नाही, त्याची सपाट चकती होते. म्हणून तो फोटो नुसता पुसट असतो. सॉफ्ट फोकसमध्ये पापण्या, ओठांची रेघ जागच्या जागी असतात. त्यांवर उजेडाचा पातळ थर पसरतो आणि सुरकुतीतली बारीक सावली त्यात भरून जाते. काळ्या पार्श्वभूमीवरचे पांढरे केस किंवा दवबिंदू तर उजळून निघाल्यासारखे दिसतात.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये डालमायर यांनी १८६६ मध्ये असे व्यक्तिचित्र-भिंग केले, की त्याचा मागचा घटक फिरवून सैल केला की प्रतिमा मऊ होई. कॅननने १९८७ मध्ये आणलेल्या १३५ मिमी टेलिफोटो भिंगावर ०, १, २ अशा खुणांचे कडे होते. शून्यावर ते नेहमीचे रेखीव भिंग, पुढे सरकवत गेले की विपथन वाढे. मात्र छिद्र लहान केले की कडेचे किरण अडतात आणि मऊपणा नाहीसा होतो. म्हणून अशी भिंगे छिद्र मोठे ठेवूनच वापरावी लागतात.

हे वर्गात दाखवता येते. अंधाऱ्या खोलीत दिव्यापुढे बारीक भोकाचे पुठ्ठे ठेवा आणि तीन-चार मीटरवरून, ७-८ सेंमी व्यासाच्या हातभिंगाने त्या भोकाची प्रतिमा पांढऱ्या कार्डावर घ्या. भिंगावर मध्ये २ सेंमी छिद्र असलेला काळा कागद लावा आणि स्पष्ट प्रतिमेची जागा नोंदवा. मग तो काढून भिंगाच्या मधोमध ५ सेंमीची काळी चकती चिकटवा. आता कार्ड भिंगाकडे काही मिलिमीटर सरकवावे लागेल. दोन्ही कागद काढले की ठिपक्याभोवतीचे वलय दिसेल. त्याच्या कडेचे रंग हा भिंगाचा आणखी एक दोष.

हाच दोष नको तिथे आला की केवढा महाग पडतो, हे १९९० मध्ये दिसले. हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा कडेला सुमारे २ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता. प्रत्येक ताऱ्याभोवती वलय आले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी अवकाशात जाऊन दुरुस्ती केली. खगोलशास्त्रज्ञाला हवी होती माहिती, आणि वलय ती गिळत होते. फुलाची जात ओळखायची असेल तर आपणही सॉफ्ट फोकस टाळावे.

सहकाऱ्यांचा फोटो आम्ही पुन्हा काढला : दोन मीटरवरून, टेलिफोटो भिंगाने, किंचित मऊ. तो त्यांच्या घरी भिंतीवर आहे. पहिला त्यांनी स्वतःकडे ठेवला. म्हणाले, "नाक माझे नाही, पण सुरकुत्या माझ्याच आहेत."