पास झालं, पण तपासलं कुणी?

चाचणीची स्क्रिप्ट मॅकवर चालली म्हणजे उबुंटूवरही चालणार, असं आपण धरून चालतो. दोन्हीकडे ती ‘एसएच’नंच चालवतो ना! पण त्या नावामागचा शेल वेगळा आहे. मॅकवर बॅश, उबुंटूवर २००६ पासून डॅश.

समजा, आपण लिहिलं: प्रोग्रॅमचं उत्तर ‘एरर’ या शब्दाशी जुळलं तर नापास, नाहीतर पास. तुलनेला, सी भाषेच्या सवयीनं, दोन बरोबरचिन्हं टाकली. बॅशला ती चालतात. डॅशला कळत नाहीत. तो तक्रारीची एक ओळ छापतो, तुलनेचा एक्झिट कोड २ येतो, आणि शून्य सोडून काहीही आलं की ‘नाहीतर’ची बाजू चालते. म्हणजे पास! प्रोग्रॅम मोडलेला असला तरी. ती एक ओळ एवढ्या मोठ्या लॉगमध्ये कोण वाचतंय?

पॉझिक्स मानकात बरोबरचिन्ह एकच आहे, तेच वापरू. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘पास’ला ‘नाहीतर’मध्ये ठेवायचंच नाही. अपेक्षित उत्तर आलं तरच पास, बाकी सगळं नापास. मग शेल अडखळला तर चाचणी पडेल, आणि आपल्याला निदान कळेल तरी. मॅकवरही कॅटलिनापासून डॅश मिळतो. तिथंच एकदा स्क्रिप्ट त्याच्या हाती देऊन बघू.